जुन्या बोलेरो पिकअपच्या टपावर लाइट: वायर दिसू न देता खाली कशी आणायची?

शिवारफेरी
गाडी बोलेरो पिकअप, २००८ची, डीआय, १२ व्होल्ट. टपावर गटरला क्लॅम्प मारून बसवलेलं चौकोनी पाइपचं कॅरिअर आहे. त्यावर चार एलईडी वर्क लाइट लावायचे आहेत, प्रत्येकी १८ वॅट. दोन पुढे, दोन मागे हौद्याकडे तोंड करून. खरी गरज मागच्यांची. नारायणगावच्या बाजारासाठी टोमॅटोचे क्रेट रात्रीच भरले जातात आणि मोबाइलच्या बॅटरीवर ते काम होत नाही. पुढचे दोन फक्त शेतरस्त्यापुरते.

वायर बाहेरून नको. ताडपत्रीची दोरी आवळताना टपावरची उघडी वायर सोलली जाते, आणि कडेनं चिकटवलेली टेप एका उन्हाळ्यात सुटते. म्हणून योजना अशी: टपाला एक भोक, वायर आत, अस्तरावरून पुढच्या खांबात, खांबातून डॅशबोर्डखाली, आणि तिथे हेडलाइटच्या वायरला जोड. म्हणजे हेडलाइट लावला की टपावरचे आपोआप लागतील. भोक कुठे पाडावं, कोणता खांब धरावा आणि वायर किती जाडीची घ्यावी, जाणकारांनी सांगावं.

रिलेबाबा
बाकी सगळं ठीक, पण शेवटचं वाक्य खोडून टाका. हेडलाइटच्या वायरला जोड अजिबात नको. या वयाच्या गाड्यांत बहुधा हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधूनच जातो. दोन ५५/६० वॅटचे बल्ब म्हणजे ९ ते १० अँपिअर तो आधीच झेलत असतो. त्यात तुमचे ६ अँपिअर टाकले की स्विचचे पॉइंट तापतात, आतलं प्लास्टिक मऊ होतं आणि एक दिवस डिपर मारताना हेडलाइटच जातो. घाटात.

बॅटरीपासून स्वतंत्र लाइन घ्या. क्रम असा: बॅटरीचा प्लस, वीतभर अंतरात फ्यूज, मग रिले, मग टप. रिले म्हणजे बारीक करंटवर चालून मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, साधा १२ व्होल्ट ३०/४० अँपिअरचा घ्या. ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ला लाइटकडे जाणारी, ८६ला डॅशबोर्डवरच्या स्विचकडून प्लस, ८५ला अर्थ. पुढच्यांना एक रिले, मागच्यांना दुसरा. टपावर जाताना तीनच वायरी: पुढचा प्लस, मागचा प्लस, दोघांना मिळून एक अर्थ.

पाच पिनचा रिले मिळाला तर मधली पिन बघून घ्या. तिथे ८७ए लिहिलं असेल तर ती मोकळी सोडायची. ८७ए म्हणजे रिले बंद असताना जोडलेली बाजू. चुकून तिथे वायर लागली की स्विच बंद केल्यावर लाइट लागतो आणि चालू केल्यावर विझतो.

उंदीरमामा
म्हणजे भारनियमनाची सवय असलेल्यांना अगदी घरच्यासारखं वाटेल :)

गळकं_कौल
टपाला भोक पाडू नका. भोक पाडलेला टप गळतोच. पहिल्या पावसाळ्यात नाही गळला तर तिसऱ्यात. आणि टपाला पडलेलं पाणी सरळ खाली पडत नाही. अस्तराच्या वरून पत्र्याच्या उतारानं खांबात जातं आणि तळाशी साचतं. बाहेर दिसेपर्यंत पायाशी पत्रा आतून कुजलेला असतो. कॅरिअर आहेच की, त्याच्या पाइपमधून वायर मागे न्या, केबिनच्या पाठीमागून खाली, चॅसिसच्या कडेनं पुढे बॅटरीपर्यंत. एकही भोक नाही.

पत्रेवाला
@गळकं_कौल, गळतं ते भोक नाही, गळतं ते कच्च्या कडेचं भोक. ड्रिल मारलं, वायर घातली, वरून सिलिकॉन फासलं, की गळणारच. पद्धतीनं केलं तर वर्षानुवर्षं काही होत नाही. अँटेना, सायरन, यांना बहुधा भोकंच असतात.

पद्धत सांगतो. जागा टपाच्या मधल्या पन्हळीत घ्यायची नाही, तिथे पाणी साचतं. पत्र्याला जो उंचवटा असतो त्यावर घ्यायची. पुढच्या काचेच्या वरची पोकळ आडवी पट्टी टाळायची, कारण तिथे पत्रा दुहेरी असतो. वरच्या पत्र्यातून वायर गेली तरी खालच्यात अडकते, आणि दोन पत्र्यांच्या मधे पडलेला ड्रिलचा कीस तिथेच गंजत बसतो. काचेपासून वीतभर मागे या. आधी अस्तर खाली घ्या आणि आतून बघून खूण करा. वरून अंदाजानं ड्रिल मारलं की नेमकी आतल्या दिव्याची वायर सापडते.

पंच मारून आधी ३ मिमीचं भोक, मग स्टेप ड्रिलनं हवं तेवढं मोठं करा. साधं मोठं ड्रिल पातळ पत्र्यात तिकोनी भोक पाडतं आणि कडा उचलते. आतून एक ओलं फडकं धरायला कुणाला तरी बसवा, म्हणजे कीस अस्तरावर पडत नाही. बाहेर टपावर पडलेला कीस लगेच झाडा, हातानं पुसू नका. एक रात्र दव पडलं तरी रंगावर तांबडे ठिपके उमटतात. मग कडेला बारीक पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात, वाळू द्या, वर टचअपचा रंग. हे सगळं वाळल्यावरच ग्लँड, म्हणजे केबलला आवळून पाणी अडवणारं बूच, बसवायची. घाई इथेच होते.

दीड_एमएम
वायरीचा हिशोब मांडतो, म्हणजे "जाड घ्या", "अजून जाड घ्या" असले सल्ले थांबतील.

चार गुणिले १८ म्हणजे ७२ वॅट. १२ व्होल्टला ६ अँपिअर. पुढची जोडी ३, मागची जोडी ३. बॉनेटमधल्या रिलेपासून टपापर्यंत खांबातून साधारण ४ मीटर धरा. दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०११५ ओहम, म्हणजे ४ मीटरचा ०.०४६. प्लसच्या वायरीत ३ अँपिअरला ०.१४ व्होल्ट पडतो, अर्थच्या वायरीत दोन्ही जोड्यांचे मिळून ६ अँपिअर येतात म्हणून ०.२८. एकूण ०.४२ व्होल्ट. बहुतेक एलईडी वर्क लाइट १० ते ३० व्होल्टवर चालणारे असतात, त्यांना हे कळतही नाही. तेव्हा तीन कोअरची दीड एमएमची गोल केबल घ्या, विषय संपला.

हॅलोजन असते तर गोष्ट वेगळी. चार ५५ वॅट म्हणजे १८ अँपिअरच्या पुढे. त्याच वायरीत सव्वा व्होल्टच्या आसपास जातो. ऐकायला कमी वाटतं, पण हॅलोजनचा व्होल्ट दहा टक्क्यांनी घसरला की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घसरतो. तिथे अडीच किंवा चार एमएमच लागेल.

रिलेबाबा
हिशोब बरोबर. फक्त फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, लाइट वाचवण्यासाठी नाही, हे लक्षात ठेवा. दीड एमएमला मुख्य फ्यूज १५ अँपिअर, निळा. नंतर दोन्ही जोड्यांना ७.५चा एकेक, तपकिरी. ३ अँपिअरला ५चा फ्यूजही चालतो, पण एलईडी लागताना क्षणभर जास्त ओढतात आणि मग विनाकारण फ्यूज बदलत बसावं लागतं.

नियमावली
विषय निघालाच आहे तर कायद्याचंही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १११ प्रमाणे वाहनाच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. नियम १०६ प्रमाणे पुढे उजेड टाकणाऱ्या दिव्याचा झोत कायम खाली झुकलेला हवा, ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नको. टपावरचा दिवा या कसोटीला बसणं अवघड. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहेच. शेतात काहीही लावा, पण डांबरी रस्त्यावर हे दिवे बंद आणि झाकलेले ठेवा.

उंदीरमामा
आणि लाल-निळे लावायचा मोह होत असेल तर १ मे २०१७ पासून मंत्र्यांचेसुद्धा उतरलेत, टोमॅटोला कोण विचारतो.

शिवारफेरी
@नियमावली, पटलं. पुढच्यांना कॅनव्हासची झाकणं शिवून घेतो, आणि त्यांचा स्विच मागच्यांपासून वेगळा राहील. @पत्रेवाला, ग्लँड कोणत्या मापाची? आणि @गळकं_कौल, चॅसिसवरून नेली तर वायर किती लागेल?

गळकं_कौल
कॅरिअरपासून मागे, खाली, चॅसिसच्या कडेनं पुढे, बॉनेटमध्ये वर. सुतळी लावून मोजा, सात मीटरपर्यंत जाईल. अडीच एमएम घ्या.

तारेवरची_कसरत
@गळकं_कौल काका, भोक नको हे खरं, पण चॅसिसची वाट ही लपलेली नाही, फक्त वरून न दिसणारी आहे. चाकांनी उडवलेले खडे, चिखल, पावसाळ्यात गुडघाभर पाणी, सायलेन्सरची उष्णता, आणि शेतात उभ्या गाडीत उंदीर. शिवाय केबिन चॅसिसवर रबरी बुशांवर बसते, खराब रस्त्यावर ती वेगळी हलते. तिथे वायर ताठ बांधली तर काही महिन्यांत इन्सुलेशनच्या आत तार तुटते. बाहेरून वायर अखंड दिसते आणि माणूस लाइट बदलत बसतो.

तिथून न्यायचीच असेल तर काळ्या नालीदार पाइपमध्ये, दर हातभर अंतरावर क्लिप, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूनं, आणि केबिन ते चॅसिसच्या मधे वीतभर झोल सोडून. ब्रेकच्या किंवा डिझेलच्या पाइपाला बांधायची नाही.

ह्यूस्टनकर
इकडच्या पिकअपवाल्यांची युक्ती सांगतो, कुणाला आयात गाडीत उपयोगी पडली तर. इथे केबिनच्या मागच्या काचेवर उंच तिसरा ब्रेक लाइट असतो. त्याचे दोन स्क्रू काढले की केबिनमध्ये जाणारी तयार वाट मिळते. वायर टपावरून मागे आणून त्या लाइटच्या रबरी गॅस्केटखालून आत घेतात, म्हणजे भोक पाडायला लागत नाही. टपाच्या पुढच्या कडेला दिसणारे पाच पिवळे दिवे मात्र हौसेचे नाहीत, ८० इंच किंवा त्याहून रुंद गाड्यांना ते सक्तीचे आहेत. बाकीचे लावतात ते हौसेनं.

शिवारफेरी
आमच्या गाडीला मागचे लाइट खालीच, टपाजवळ काही नाही. म्हणून तर भोकापर्यंत आलो.

पत्रेवाला
ग्लँडचं माप केबलच्या जाडीवर ठरतं. तीन कोअर दीड एमएमची गोल केबल बाहेरून साडेआठ-नऊ मिमी भरते. पीजी ७ ला साडेसहापर्यंतची केबल जाते, पीजी ९ ला आठपर्यंत. म्हणजे तुम्हाला पीजी ११, तिला ५ ते १० मिमी चालतं. भोक १९ मिमीचं. दुकानात केबलचा तुकडा घेऊन जा. ग्लँडमधलं रबर केबलला चारी बाजूंनी आवळलं पाहिजे. सुट्या तीन वायरी एका ग्लँडमध्ये कोंबल्या तर मधल्या फटीतून पाणी येतं, म्हणूनच गोल केबल.

ग्लँडखाली पत्र्यावर रबरी वॉशर, त्याभोवती पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचं कडं. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते पत्र्यावर वापरू नका, त्यातल्या आम्लानं कडेला गंज धरतो. न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन किंवा काचवाल्याकडचं पीयू.

आणि लपवण्याचा मुद्दा: ग्लँड उघडी ठेवूच नका. कॅरिअरचा आडवा पाइप जिथे टपाच्या सगळ्यात जवळ येतो, त्याच्या बरोबर खाली भोक घ्या. पाइपच्या खालच्या बाजूला भोक पाडून तिथून केबल निघाली की ग्लँडपर्यंत चार बोटंच उघडी राहते, तीही पाइपाच्या सावलीत. रस्त्यावरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही आणि दोरीही तिथे पोचत नाही.

तारेवरची_कसरत
यात एक भर. ती चार बोटं सरळ ताणून ठेवू नका. पाइपमधून निघालेली केबल आधी खाली टपाकडे झुकवा आणि मग वर उचलून आडव्या ग्लँडमध्ये घाला. उभ्या ग्लँडऐवजी काटकोनी मिळाली तर उत्तम. केबलवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकतं, ग्लँडवर येत नाही.

दुसरी वाट लोक विसरतात. पाणी केबलच्या बाहेरून जसं येतं तसं आतूनही येतं. टपावरचा जोड नुसता पिळून टेप मारला असेल तर ओलावा तारांच्या धाग्यांमधून, इन्सुलेशनच्या आतून, हळूहळू खाली उतरतो. रिलेची पिन हिरवी झालेली दिसते आणि बॉनेट तर कोरडं असतं. अशा वेळी वरचा जोड उघडून बघा, तार काळी पडलेली सापडेल.

म्हणून टपावरचे जोड थिंबल (तारेवर दाबून बसवायची धातूची टोपी) दाबून आणि आतून गोंद असलेल्या हीट श्रिंकनं (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीनं) करा. तापवल्यावर दोन्ही टोकांनी गोंदाचा थेंब बाहेर डोकावला पाहिजे, तेव्हा तो बंद झाला असं समजा.

दीड_एमएम
थिंबल कशाला, डाग दिलेला जोड कधीही पक्का.

तारेवरची_कसरत
बैठ्या रेडिओत पक्का. गाडीत नाही. डाग देताना शिसं धाग्यांमधून वर चढतं आणि वायर तिथपर्यंत काडीसारखी ताठ होते. ताठ भाग जिथे संपतो तिथेच हादऱ्यानं तार मोडते. द्यायचाच असेल तर डाग दिलेल्या भागाच्या पुढे दोन इंचांवर वायर बांधून टाका, म्हणजे हलणारच नाही. कॅरिअरच्या पाइपमध्ये ते जमत नाही.

दीड_एमएम
बांधून टाकली तर माझाच जोड जिंकतो. पण पाइपच्या आतल्या मुद्द्यावर माघार.

रिलेबाबा
आणखी महत्त्वाचं म्हणजे लपलेल्या भागात जोड नकोच. अस्तराच्या वर, खांबात, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात एकही जोड असता कामा नये. टपापासून रिलेपर्यंत केबल अखंड. तुकडा कमी पडला तर नवीन आणा, जोडू नका. जोड फक्त दोन ठिकाणी, टपावर लाइटपाशी आणि बॉनेटमध्ये रिलेपाशी, दोन्हीकडे पाना पोचतो.

वांग्याचं_भरीत
एवढं सगळं करण्यापेक्षा बॅटरीवरचा चुंबकी लाइट का नाही घेत? टपावर चिकटवायचा, काम झालं की काढायचा.

उंदीरमामा
आणि ताडपत्री ओढली की टोमॅटोबरोबर नारायणगावला.

शिवारफेरी
:) दिवसाआड चार्जिंग, आणि धुळीत चुंबक घसरून रंग ओरखडतो. नको. आता खांबाकडे येऊ. डावा की उजवा? आणि आतून केबल ओढायची कशी?

पत्रेवाला
रेडिओच्या अँटेनाची वायर ज्या खांबातून येते तो सोडून दुसरा. एलईडीच्या आतल्या सर्किटमुळे एफएमवर खरखर येते, शेजारून गेली की जास्त. तरीही आली तर लाइटजवळ केबलवर फेराइटचा क्लिप मारा.

ओढायची पद्धत: सनव्हायझर, वरचा हँडल, आतला दिवा यांचे स्क्रू काढा. दाराच्या चौकटीचं रबर वरच्या अर्ध्यात सोडवा, त्याखाली अस्तराची कडा दाबलेली असते. अस्तर पूर्ण उतरवायची गरज नाही, पुढची कडा हातभर खाली आली की पुरे. जुनं पुठ्ठ्याचं अस्तर असेल तर वाकवू नका, एकदा मोडलं की घडी कायमची. दोघांनी धरा.

खांबात वरून खाली ओढायला सायकलच्या ब्रेकची आतली तार सगळ्यात बरी. लवचीक असते पण घडी होत नाही, आणि टोकाचा गोळा कुठे अडकला तर जाणवतो. डॅशबोर्डखाली टोक दिसलं की वरच्या टोकाला केबल टेपनं निमुळती बांधा आणि एकानं वरून सोडत, दुसऱ्यानं खालून ओढत आणा. जोर लावायचा नाही. खांबाच्या आत पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, म्हणून खांबातला तुकडा आधीच कापडी टेपनं गुंडाळून घ्या. साधी पीव्हीसी टेप नको, उन्हात गाडी उभी राहिली की तिचा गोंद पाझरतो आणि टेप सुटते.

खांब बंद असेल, तार जातच नसेल, तर काच रबरात बसवलेली असल्यास रबराच्या आतल्या ओठाखाली लाकडी चमच्यानं दाबत केबल बसवता येते. गोल नऊ मिमीची बसणार नाही, तिथे तिन्ही वायरी सुट्या करून शेजारी शेजारी. रबर वाळून तडकलेलं असेल तर हात लावू नका, नाहीतर काच गळायला लागेल आणि दोष भोकाला जाईल.

शिवारफेरी
फायरवॉल?

रिलेबाबा
नवीन भोक नको. मुख्य हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) किंवा स्पीडोमीटरची केबल जिथून जाते तिथे भोकाच्या कडेला मोठं रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, असतं. त्याला दाभणानं भोक पाडा, केबलला साबणाचं पाणी लावून सरकवा. नुसत्या पत्र्यातून वायर गेली तर हादऱ्यानं एक दिवस इन्सुलेशन कापलं जातं आणि मग फ्यूजवर भिस्त. तो बॅटरीपासून वीतभरात का हवा हे तिथे कळतं. फ्यूज रिलेपाशी ठेवला तर बॅटरी ते रिले ही वायर बिनसंरक्षणाची राहते.

रिले पिना खाली करून बसवा, पाणी साचत नाही. इंजिनच्या डोक्यावर नको, बॅटरीच्या बाजूच्या पत्र्यावर.

दीड_एमएम
माझा एक आक्षेप. ३ अँपिअरला रिले कशाला? चांगला रॉकर स्विच १० अँपिअर सहज घेतो. दोन रिले, आठ पिना, म्हणजे बिघडायच्या आठ जागा.

रिलेबाबा
डीसीसाठी बनवलेला स्विच असेल तर मुद्दा बरोबर, ३ अँपिअरला रिलेवाचून चालतं. पण दुकानात मिळणाऱ्या स्वस्त स्विचवर लिहिलेले अँपिअर बहुधा एसी २५० व्होल्टचे असतात. डीसीत ठिणगी लवकर विझत नाही, पॉइंट जळतात. रिले असला की स्विचमधून फक्त कॉइलचा करंट जातो, ०.१५ अँपिअरच्या आसपास. पाऊण एमएमची बारीक वायर डॅशबोर्डपर्यंत पुरते, आणि बॅटरीची जाड लाइन केबिनमध्ये येतच नाही. उद्या कुणी १८ च्या जागी ४८ वॅटचे लाइट लावले तरी स्विच सुखी.

शिवारफेरी
स्विचला प्लस कुठून द्यायचा?

रिलेबाबा
पुढच्या जोडीचा चावी चालू असताना येणाऱ्या लाइनवरून, म्हणजे विसरून राहणार नाही. मागच्या जोडीचा बॅटरीवरून, कारण भराई इंजिन बंद ठेवून होते. त्या स्विचला आत लाल दिवा असलेला घ्या. मागची जोडी तासाला ३ अँपिअर-तास खाते. ६५ एएचची धडधाकट बॅटरी असेल तर पाच तासांच्या भराईला १५ गेले, गाडी चालू होईल. जुनी बॅटरी असेल तर तो भरवसा धरू नका.

तारेवरची_कसरत
अर्थची वायर टपाच्या पत्र्याला किंवा कॅरिअरला देऊ नका. कॅरिअर रंगवलेल्या गटरला क्लॅम्पनं धरलेलं, गटर गंजलेलं, केबिन रबरावर. त्यातून परतीचा रस्ता कसाबसा मिळतो आणि लाइट कधी मंद, कधी वायपरबरोबर लुकलुकतो. टपापासून आलेली अर्थ सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या, किंवा बॅटरीची अर्थ पट्टी ज्या बोल्टला लागते त्याच बोल्टला. रंग खरवडून, थिंबल लावून, वरून ग्रीस.

वायर घेताना टोक ब्लेडनं खरवडून बघा. बाहेर तांबडं आणि आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याची वाहकता तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश, आणि थिंबलमध्ये ते दबून कालांतरानं सैल होतं.

गळकं_कौल
कॅरिअरच्या पाइपला वायरीसाठी भोकं पाडणार असाल तर त्यांच्या कडाही कानशीनं घासा आणि ग्रोमेट घाला. पाइपच्या सगळ्यात खालच्या जागी एक ५ मिमीचं भोक पाणी जायला ठेवा. आणि कॅरिअरला काही वेल्डिंग करायचं असेल तर ते केबल ओढायच्या आधी, बॅटरीची मायनस काढून, कॅरिअर टपावरून उतरवून. अस्तराच्या वर वेल्डिंगची ठिणगी म्हणजे गाडीला आग.

टपाच्या भोकाला माझा विरोध अजून आहेच, पण ग्लँड पाइपाखाली घेणार असाल तर निदान पाऊस थेट पडणार नाही.

पत्रेवाला
कौलांनी अर्धं भोक मान्य केलं, नोंद घ्यावी.

सह्याद्रीवारा
पुढच्या लाइटबद्दल: ते कॅरिअरच्या अगदी पुढच्या नळीवर लावले तर बॉनेटवर उजेड पडतो आणि डोळे दिपतात. वीत-दीड वीत मागे घ्या, टपाची कडाच आडोसा करते. आणि आंबोलीसारख्या घाटात धुकं असताना ते लावूच नका. डोळ्यांच्या वरून पडलेला उजेड धुक्यावरून उलटा येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते.

दीड_एमएम
घेताना वॅटही तपासा. पेटीवर ४८ लिहिलेला लाइट क्लॅम्प मीटरवर निम्माही ओढत नाही असं सर्रास दिसतं. डीसी मोजणारा क्लॅम्प हवा, साधा एसीचा शून्य दाखवतो.

शिवारफेरी
सगळ्यांचे आभार. आता यादी अशी: तीन कोअर दीड एमएम गोल केबल ६ मीटर, पीजी ११ काटकोनी ग्लँड १, ३०/४० अँपिअरचे चार पिनी रिले सॉकेटसह २, फ्यूज होल्डर ३, फ्यूज १५चा १ आणि ७.५चे २, वर तेवढेच सुटे, रॉकर स्विच २, पैकी एक दिव्याचा, पाऊण एमएमची वायर ५ मीटर, थिंबल, गोंदाचा हीट श्रिंक, कापडी टेप, पीयू सीलंट, रेड ऑक्साइड. खांब डावा, कारण अँटेना उजवीकडे आहे. काही राहिलं?

तारेवरची_कसरत
मागच्या दोन लाइटना कॅरिअरच्या पाइपमधून न्यायची दोन कोअर केबल, दोन मीटर. आणि ग्रोमेट डझनभर, ते कधीच पुरत नाहीत.

रिलेबाबा
बॅटरीपासून दोन्ही रिलेंच्या ३० नंबरपर्यंत अडीच एमएम, मीटरभर. तेवढ्यासाठी पाऊण एमएम वापरू नका.

पत्रेवाला
अस्तर लगेच बंद करू नका. सीलंट एक दिवस वाळू द्या, मग भोकाभोवती आतून आणि डाव्या खांबाच्या तळाशी वर्तमानपत्राची पट्टी चिकटवा आणि टपावर पाइपनं पाणी सोडा, दहा मिनिटं, समोरून आणि बाजूनं. कागदावर ओलसर डाग दिसला तर ग्लँडचं नट अर्धा आटा आवळा आणि पुन्हा करा. कागद कोरडा निघाला की मग सनव्हायझर.

गळकं_कौल
दहा नाही, वीस मिनिटं.